पाठीवरच्या आईशी बोलणारी बाय

आधी बायचं सांगतो. माझ्या पाठीला काय झालं होतं, ते मी कशासाठी करून घेतलेलं, हे सगळं मागून येईल. पण आज मी खांद्यावर गोणी घेऊ शकतो आणि माझ्या पाठीवर जे आहे ते अजून आहे, ते तिच्यामुळे. म्हणून पहिला मान तिचा.

कोलशेतला खाडीच्या अंगाला जुनं गावठाण आहे, तिथे तिचं घर होतं. खाली दोन खोल्या आणि ओटा, वर पत्र्याची एक खोली. वरची खोली मला भाड्याने दिलेली. दारावर लाकडी क्रूस, ओट्यावर सुकत घातलेले बोंबील, आणि त्यांच्यापासून चांगली लांब, दोरीवर वाळणारी पांढरी फडकी. सगळं गावठाण तिला बाय म्हणायचं. पहिल्या दिवशी मी मावशी म्हणालो, तर म्हणाली, तुझी आई माझी बहीण हाय का? मग मीही बाय म्हणायला लागलो.

सत्तरीच्या पुढची असेल. काटकुळी, आणि भांग कायम वाकडा. भांग वाकडा असायचा कारण घरात आरसा नव्हता. तिने ठाण्यात एका हॉस्पिटलात भाजलेल्यांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नोकरी केलेली. त्या वॉर्डात पेशंटला आरसा दिसू देत नाहीत, ती सवय ती पेन्शनबरोबर घरी घेऊन आली. कागदावर ती आया होती. पण पट्ट्या सोडायच्या-बांधायच्या कामाला डॉक्टर तिलाच हाक मारायचे, म्हणून ती स्वतःला ड्रेसर म्हणायची. कुणी सिस्टर म्हटलं की थांबवून दुरुस्त करायची. कुणी आया म्हटलं की दुरुस्त करायची नाही, बोलणंच सोडायची.

खोली बघायला गेलो तेव्हा मी आधार कार्ड, कंपनीचं पत्र, दोन फोटो असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन गेलेलो. तिने पिशवीकडे पाहिलंच नाही. म्हणाली, नखं दाखव. मी दोन्ही हात पुढे केले. शाळेत सातवीपर्यंत दर सोमवारी असे हात पुढे करायचो, आठवीत शाळा सुटली, त्यानंतर पहिल्यांदाच. तिने अंगठ्याचं नख उलटंपालटं करून बघितलं आणि खोली दिली.

तिची एक सवय सगळ्या गावठाणाला ठाऊक होती. ती माणसाशी बोलायची नाही, माणसाच्या दुखऱ्या जागेशी बोलायची. शेजारची म्हातारी आली की तिच्या तोंडाकडे न बघता गुडघ्याला विचारायची, काय रे, आज जिना चढलास का? दूधवाल्याच्या कोपराशी तिचं वेगळं चालायचं. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडत ओट्यापाशी आला, मागे पंधरावीस माणसं, ढोल. त्याच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालेलं. तो रस्त्याबद्दल, गटाराबद्दल बोलत होता आणि बाय त्याच्या अंगठ्याला विचारत होती की कधीपासून ठणकतोयस, हा तुला पाण्यात बुडवतो का नाय. मग तिने वाडग्यात मिठाचं गरम पाणी आणून अंगठा त्यात घालायला लावला. दहा मिनिटं सगळी मिरवणूक गल्लीत उभी. ढोलवाल्यांनी बिड्या पेटवल्या. मत कुणाला दिलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण चार दिवसांनी अंगठ्याची चौकशी करायला मला त्या माणसाच्या ऑफिसात पाठवलं.

मला हे सगळं हसण्यावारी वाटायचं. माझ्यावर पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

मी लातूरच्या पलीकडचा. सोळाव्या वर्षी इकडे आलो, कोलशेतच्या एका गोदामात माल चढवतो-उतरवतो. आई गावाकडे एकटी, रोजाने खुरपायला जायची. ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडलेला. राख तेवढी पाहिली. घरात तिचा एकच फोटो सापडला, बचत गटाच्या फॉर्मला लावायला काढलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. डोक्यावर पदर, आणि कॅमेऱ्याचा उजेड अंगावर आल्यावर दचकलेले डोळे. तो फोटो मी पाकिटात ठेवायचो आणि घामाने तो पुसट होत चालला होता. त्याची मला फार धास्ती. मोबाइलमध्ये काढून घेतलेला होता, पण मोबाइल एकदा चोरीला गेलेला माणूस मोबाइलवर विश्वास ठेवत नाही.

आमच्याच बाजूचा पक्या दिव्याला राहतो. डोंबिवलीच्या एका टॅटूच्या दुकानात शिकत होता. त्याला मालकाला दाखवायला एक मोठं काम करायचं होतं आणि मोठ्या कामाला मोठी कातडी लागते. मी म्हटलं, माझी पाठ घे. त्याने विचारलं, पाठीवर कशाला, हातावर घे, रोज दिसेल. मी नाही म्हणालो. हातावर असती तर मी गोण्या उचलतो, सुपरवायझरच्या शिव्या खातो, ते सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं असतं.

दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी नुसत्या रेघा, त्या आपोआप सुकल्या, पुढच्या रविवारी छाया भरायला आठ तास. मानेखालपासून कमरेच्या वरपर्यंत, सगळी पाठ. उठलो तेव्हा उन्हात दिवसभर उघडा झोपल्यासारखी पाठ पेटलेली. पक्याने वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि सगळं सांगितलं. घरी गेल्यावर हे काढ. दिवसातून तीन वेळा कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने हलक्या हाताने धू. मलम अगदी पातळ लाव. सैल सुती कपडा. उताणा झोपू नकोस, ऊन नको, खाजवू नको. दोन आठवडे सांभाळ, बाकी ती आपली सांभाळते. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

घरी येऊन प्लास्टिक काढायला गेलो आणि तेव्हा लक्षात आलं की माझा हात पाठीवर पोहोचत नाही. म्हणजे खांद्यावर पोहोचतो, कमरेवर पोहोचतो, मधल्या भागावर कुणाचाच पोहोचत नाही. घरी माणूस असलं की ही गोष्ट कळत नाही. मला पत्र्याच्या खोलीत एकट्याने उभं राहून कळली.

मी भित्रा माणूस आहे. काही झालं की आधी लपवतो आणि मग घाबरत बसतो. म्हटलं, प्लास्टिक असू दे. गोदामात सिमेंटची, मिरचीची धूळ असते, त्यापासून तरी वाचेल. सोमवारी तसाच कामावर गेलो. मंगळवारी तसाच. बुधवारी संध्याकाळी जिना चढत होतो, बाय ओट्यावर बोंबील उलटत होती. म्हणाली, थांब.

मी थांबलो.

ती जवळ आली, नाक वर करून उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतो. घामाचा नाय, बोंबलाचा पन नाय. शर्ट काढ."

मी काहीतरी सांगायला लागलो. तिने ऐकून न घेता कोपराने नळ सोडला, कोपरापर्यंत हात धुतले आणि शर्ट स्वतःच वर केला. प्लास्टिकच्या आत तीन दिवसांचं पाणी साचलेलं, पिवळट. ते तिने कडेकडेने, थोडं थोडं ओलं करत सोडवलं. मला वाटलं आता ओरडेल. खोली सोड म्हणाली तर कुठे जायचं, हेही मनात येऊन गेलं. तिने फडक्याने पाठ टिपून घेतली. मग विचारलं, ही कोण?

मी म्हणालो, आई.

"हाय का गेली?"

"गेली."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. खाली वाकली, तिचा श्वास पाठीला लागला, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "काय गो, पोरानं तुला प्लास्टिकात कोंडून ठेवलं? जीव घुसमटला असंल."

मला त्या दिवशी ताप होता, त्यामुळे असेल, पण मी ओट्यावर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते. गोळ्या लिहून दिल्या, असली चित्रं अंगावर काढता कशाला म्हणाले, आणि जखम स्वच्छ ठेवा म्हणाले. बायने चित्र हा शब्द मनाला लावून घेतला. बाहेर आल्यावर पाठीला म्हणाली, ल्हान हाय तो, मनावर घेऊ नको.

मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी ओट्यावर उलट्या खुर्चीवर बसायचो आणि ती पाठ धुवायची. पाणी उकळून निववलेलं. साबणाचा फेस हातात करून, नुसत्या तळव्याने. चोळायचं नाही, पुसायचंही नाही. जुन्या साडीची इस्त्री केलेली फडकी पाठीवर ठेवून ओल टिपून घ्यायची. मलमाच्या बाबतीत तिचं ठरलेलं होतं, चपातीला तेल लावतात तेवढंच, शिऱ्याला तूप सोडतात तसं नाय. दुसऱ्या एका साडीची तिने मला बंडी शिवली, मागून नाड्यांनी बांधायची, हॉस्पिटलात घालतात तशी. ती मी शर्टाच्या आत घालून गोदामात जायचो. पोरांना नाड्या दिसल्या तेव्हा त्यांनी मला बाळंतीण म्हणायला सुरुवात केली. सुपरवायझरने मात्र काही न विचारता मला गोण्यांवरून काढून चिकटपट्टी लावायच्या कामाला बसवलं.

उताणं होऊ नये म्हणून अंथरुणाच्या कडेला खराटा ठेवायची. वळलो की काड्या टोचायच्या आणि जाग यायची. खाज सुटायला लागली तेव्हा तिने माझी नखं पार मुळाशी कापली आणि झोपताना हातात मोजे घालायला लावले. वांगं बंद, कोळंबी बंद, सुकट बंद. सुकट हा तिचा प्राण. पण माझ्यापर्यंत वास जाईल आणि मला वासना होईल म्हणून तिने स्वतःसाठीही ती केली नाही. नुसता डाळभात जेवायची आणि डाळीला नावं ठेवायची.

मला मात्र बघायला मिळायचं नाही. पाठीचा फोटो काढून दे म्हणालो, तर तिने मोबाइल घेऊन पिठाच्या डब्यात ठेवला. जो बघतो तो हात लावतो, असं तिचं म्हणणं. पक्या रोज फोन करून फोटो मागायचा आणि पिठाचा डबा वाजायचा.

आणि या सगळ्या वेळात ती आईशी बोलत असायची. मी मध्ये नसल्यासारखी. पहिले दिवस तक्रारीच. तुझा पोरगा दिवा चालू ठेवून झोपतो. अर्धी चपाती कुत्र्याला घातली त्याने. ह्याचं लग्न कुठं जमतंय का बगायला कोनी हाय का मागं? विचारून थांबायची, उत्तर ऐकल्यासारखं हं म्हणायची आणि पुढे जायची. कधी उत्तर पटायचं नाही, मग वाद घालायची. भाकरी थापून करायची की लाटून, यावर एका संध्याकाळी दोघींचं चांगलंच वाजलं. मी खाली मान घालून ऐकायचो. हळूहळू मला आईचे न ऐकू येणारे शब्द लागायला लागले. ती काय म्हणाली असेल, कशी म्हणाली असेल, ते बायच्या पुढच्या वाक्यावरून कळायचं. गावाकडून आल्यापासून आईचा आवाज माझ्या डोक्यातून जात चालला होता. त्या ओट्यावर तो थोडा थोडा परत आला.

एकदा मी धीर करून विचारलं, बाय, तू माणसाशी का बोलत नाहीस? ती फडकं पिळत होती. पिळून झाल्यावर म्हणाली, "माणसाशी बोललं का माणूस विचारतं, बाय, मी वाचेन ना? मी काय सांगू? जखम तसं कई विचारत नाय."

डाव्या बाजूला, जिथे प्लास्टिकाखाली सगळ्यात जास्त पाणी साचलेलं, तिथे जाड खपली धरली होती. ते मला ताणावरून कळायचं, हात वर केला की तिथली कातडी ओढायची. ती जागा म्हणजे आईचा गाल. गालाच्या वर डोळा. सुई लागताना मी पक्याकडून सगळा नकाशा विचारून ठेवलेला. पाठीचा कुठला भाग म्हणजे कपाळ, कुठला म्हणजे हनुवटी, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी बायने त्या खपलीवर ओलं फडकं ठेवून मला बराच वेळ बसवून ठेवलं. मग चिमट्याने कडेने उचलायला लागली. चौतीस वर्षं तिने हेच केलेलं. भाजलेल्या जागेवर खपली धरू देत नाहीत, धरली की भिजवून काढतात, नाहीतर आत पू होतो. तिच्या हाताला ते इतकं ठाऊक होतं की तिने मला विचारलं नाही आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पक्याने खपली काढू नको म्हणून सांगितलेलं, पण ते मी माझ्या नखांसाठी आहे असं समजलो होतो. बायच्या हातासाठी ते नव्हतं, असं वाटलं.

झोंबलं आणि सुटलं.

ती आईशी काहीतरी बोलत होती, कुणाच्या तरी बारशाबद्दल, आणि वाक्य अर्ध्यात थांबलं. मी वाट बघितली. मग मागे चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. तिने मलम लावलं, बंडीच्या नाड्या बांधल्या आणि आत निघून गेली. ताटली ओट्यावरच राहिली. त्यातल्या फडक्यावर खपली पडलेली, आणि तिच्याखाली काळं. काजळ पुसल्यासारखं. शाई कातडीबरोबर निघून आलेली.

मी पिठाच्या डब्यातून मोबाइल काढला आणि पक्याला फोन लावला. तो म्हणाला, अरे वेडा आहेस का, खपली काढलीस? डोळा आहे का बघ. मी म्हटलं, कसा बघू? तो म्हणाला, कुणाकडून तरी फोटो काढून घे. गोदामात वीस जणांकडे मोबाइल होते. मी कुणाकडेच पाठ केली नाही. डोळा नसला तर काय, हा विचार घेऊन मी दिवसभर खोक्यांना पट्ट्या चिकटवल्या. जो फोटो पाकिटात होता त्यात आता नुसता पदर उरलेला. आईला दुसऱ्यांदा घालवलं आणि या वेळी मी जवळ असून घालवलं, असं सारखं वाटत राहिलं.

दोन दिवस बाय दिसली नाही. म्हणजे घरातच होती, पण माझ्या वेळेला दार लोटलेलं. ओट्यावर उकळून निववलेलं पाणी झाकून ठेवलेलं असायचं, शेजारी इस्त्रीची फडकी, आणि डाळभात. दूधवाला मला म्हणाला, बायला काय झालंय, कोपराला काही विचारत नाही. मी पाणी पाठीवर ओतून घ्यायचो, जमेल तसं. तिला हाक मारावी असं दोन्ही दिवस वाटलं आणि दोन्ही दिवस मारली नाही. मी रागावलेलो नव्हतो. रागवायला अंगात धीर लागतो. मला फक्त तिच्या तोंडून डोळ्याचं काय झालं ते ऐकायची भीती होती.

तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर ओट्यावर पक्या. केस अर्धे सोनेरी, कानात तीन बाळ्या, आणि तिच्या खुर्चीवर बसवलेला. ती स्वतः खाली पाटावर, मांडीवर शंभर पानी वही. मोबाइल मी त्या सकाळीच परत डब्यात ठेवला होता, त्यावर त्याचा फोन आला तेव्हा तिने उचलून त्याला बोलावून घेतलं होतं. पक्याला ती मास्तर म्हणत होती. मी जिन्यापाशीच थांबलो.

ती विचारत होती, खपली कधी पडते? पक्या म्हणाला, आपोआप. तिने ते लिहिलं आणि विचारलं, आपोआप म्हंजे कितव्या दिवशी? तो म्हणाला, बाय, ते खपलीच्या मर्जीवर. तिने पेन्सिल थांबवली. चौतीस वर्षं तिने कुठल्याच खपलीची मर्जी राखली नव्हती. म्हणाली, ठेवली का आत पू धरतो. मी बघितलंय, मास्तर. तुम्ही नाय बघितलं.

पक्या कधी नव्हे तो नीट बोलला. "तुमचं बरोबर आहे, बाय. पण भाजलेल्याची कातडी गेलेली असते. ह्याची आहे. आपण फक्त तिला दुखवलंय, ती रागाने वर आवरण घेऊन बसते. राग गेला की सोडते."

तिने ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मग त्याला सुकट आणि भाकरी वाढली. त्या महिन्यात त्या घरात तेवढीच सुकट झाली.

पक्या गेल्यावर तिने मला खुर्चीकडे बोट दाखवलं. मी उलटा बसलो. तिने कोपरापर्यंत हात धुतले. पाणी घातलं, टिपलं. मी डोळे मिटून खुर्चीची पाठ धरून बसलो होतो. आणि मग ती आईशी बोलायला लागली.

"गो बाय," ती म्हणाली, "चुकले मी. तुझ्या तोंडाला मी हात लावायला नको होता. जन्मभर लोकांची काढली, म्हटलं तुझी पन काढावी. हात थांबला नाय. कोनी मला सांगितलं नाय आनि मी कोनाला विचारलं नाय. तू पोराला कई बोलू नको, त्याचं कई चुकलं नाय. मला बोल."

आणि ती थांबली. नेहमी थांबायची तशी, उत्तरासाठी. त्या वेळी हं म्हणाली नाही. किती वेळ गेला माहीत नाही, खाडीवरचा वारा पाठीला लागत होता आणि ओली जागा गार पडत चाललेली. मला बोलता आलं असतं. असू दे बाय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते माझ्याशी नव्हतंच, त्या दोघींचं होतं, आणि मध्ये तोंड घालणं मला बरं वाटलं नाही. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. ती वाट बघून उठली, आत गेली.

त्यानंतरचे दिवस ती वहीप्रमाणे वागली. कातडी सुटायला लागली, पाठीवरून काळ्या-करड्या पापुद्र्यांचा भुगा बंडीत पडायचा, आणि ती त्याला बोट लावायची नाही. नुसती बघायची. पडला तो पडू दे, ऱ्हायला तो ऱ्हाऊ दे. आईशी बोलायची, पण कमी. वाद तर नाहीच. आधी ऐकलेलं होतं म्हणून मला तो फरक सोसायचा नाही.

बाविसाव्या दिवशी, रविवार होता, चर्चमधून आली ती काखेत दोन आरसे घेऊन. एक शेजारणीचा, एक न्हाव्याकडून मागून आणलेला. एक तिने माझ्या मागे धरला, दुसरा माझ्या हातात दिला, आणि स्वतः खाडीकडे तोंड फिरवून उभी राहिली. दोन्ही आरसे लगेच जुळले नाहीत त्यामुळे पहिल्यांदा नुसतं आभाळ दिसलं, मग पत्रा, मग पदर.

डोळे होते. दोन्ही. तसेच दचकलेले. डाव्या गालावर चिंचोक्याएवढा पांढुरका ठिपका, शाई नसलेला. बाकी सगळी आई होती. एवढी मोठी मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी म्हणालो, डोळे आहेत.

"डोळ्यांना मी हात लावला नव्हता," बाय खाडीकडे बघत म्हणाली. मग म्हणाली की तो गालाचा डाग मास्तर भरून देतो म्हणालाय, सहा आठवड्यांनी ये म्हणालाय, ते वहीत लिहून ठेवलंय. मी हो म्हटलं.

मी गेलो नाही. पक्याने दोन-तीनदा आठवण केली, फुकटात करून देतो म्हणाला. त्याला मी सांगू शकलो नाही, इथे लिहितो. आई जायच्या आधीची दोन वर्षं मी गावी गेलोच नव्हतो. त्या दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर काय काय उमटलं, कुठे सुरकुती आली, कुठे उन्हाने डाग पडला, मला माहीत नाही. हा एक डाग मात्र कधी पडला, कुणाच्या हाताने, त्या सकाळी कुणाच्या बारशाचं बोलणं चाललेलं, हे सगळं मला माहीत आहे. तो मी बुजवणार नाही. पण हे बायला सांगायचं राहिलं. तिला वाटत राहिलं की मी पैशाअभावी किंवा वेळेअभावी जात नाही, आणि पाठ दिसली की ती नजर गालावरून काढून घ्यायची.

दीड वर्षाने ते घर गेलं. तिथे आता टॉवर होतोय. तिचा भाचा येऊन तिला वसईकडे घेऊन गेला. टेंपोत सामान चढवायला मी होतो. तिने टेंपोत बसताना माझ्या दोन्ही हातांची नखं बघितली, आणि पाठीवरून शर्टावरूनच एकदा तळवा फिरवला, वरून खाली. मी आता दिव्याला पक्याबरोबर राहतो, आणखी तिघं आहेत. पाणी एक दिवसाआड येतं. ओटा नाही.

भाच्याला मधूनमधून फोन करतो. तो सांगतो की तब्येत बरी आहे, जेवते, पण बोलत नाही. आधी शेजारणींच्या गुडघ्यांशी बोलायची, आता तेही नाही. तो समोर बसला तरी ओळखते की नाही कळत नाही. दिवसभर खुर्चीत बसून असते आणि हात धुऊन मागते.

दिव्याहून वसईला गाडी आहे. मी अजून गेलो नाही. तिने ओळखलं नाही तर, ही भीती. पण जाईन. हे लिहून ठेवतो म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. पुढच्या महिन्यात जमलं नाही तर त्याच्या पुढच्या, पण जाईन. तिच्या खुर्चीपुढे शर्ट काढून पाठमोरा बसेन. मला नाही ओळखलं तरी चालेल. तिला आईशी बोलू देईन, हवं तेवढं. आणि त्या संध्याकाळसारखी ती उत्तरासाठी थांबली, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. आईच्या बोलीत, आई म्हणाली असती तसं म्हणेन, "काय बिघडलं न्हाई बगा, बाई. ऱ्हाऊ द्या त्यो डाग. तुमच्या हातचा हाय."